टोकियो रिका दाइगाकु: जपानी खासगी विद्यापीठाचा इतिहास आणि संशोधन घरबसल्या कसं तपासावं

जपानमध्ये मास्टर्स किंवा पीएच.डी. करायचं ठरलं की यादीत आधी राष्ट्रीय विद्यापीठं येतात. खासगी विद्यापीठांची माहिती मिळते ती एजंटच्या माहितीपत्रकातून, नाहीतर जागतिक क्रमवारीतल्या एका आकड्यावरून. या दोन्हींवर विसंबून कुठे अर्ज करायचा हे ठरवू नये. जपानच्या खासगी तंत्रविद्यापीठांची कागदपत्रं, अनुदानाच्या नोंदी आणि पेटंट बऱ्याच प्रमाणात सार्वजनिक आहेत. पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत बसून, जपानी भाषा जेमतेम येत असतानाही ती तपासता येतात. नोंदी खऱ्या असतात, त्या चुकीच्या खात्यावर मांडल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. एका विद्यापीठाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं, माजी विद्यार्थ्याचं श्रेय विद्यापीठाला दिलं जातं, २००५ सालचा प्रकल्प २०१७ चा समजला जातो. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती आहे: हे काम नेमकं कुठे, कोणी आणि कोणत्या नावाखाली केलं?

उदाहरणासाठी टोकियो रिका दाइगाकु हे खासगी विद्यापीठ घेतलं आहे. त्याचं इंग्रजी नाव टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स. नावात सायन्स असलं तरी तिथे अभियांत्रिकीचा मोठा पसारा आहे. शिवाय त्याच्या इतिहासात वर सांगितलेले सगळे सापळे सापडतात.

आधी नाव पक्कं करा

विद्यापीठाच्या जपानी संकेतस्थळावरून त्याचं जपानी लिपीतलं नाव कॉपी करून एका फाइलमध्ये ठेवा. पुढचे सगळे शोध त्याच नावाने घ्यायचे. इंग्रजी नावाने शोधलं तर अर्धी माहिती निसटते, कारण हे विद्यापीठ पूर्वी इंग्रजीत सायन्स युनिव्हर्सिटी ऑफ टोकियो असं नाव लावत असे. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या शोधनिबंधांवर तेच नाव दिसतं. जुनं काम पाहायचं असेल तर दोन्ही इंग्रजी नावांनी वेगवेगळे शोध घ्या.

ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक घोळ सुरू झाला आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटी या दोन राष्ट्रीय संस्था एकत्र येऊन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो स्थापन झाली. जपानीत तिचं नाव टोकियो कागाकु दाइगाकु. ‘रिका’ आणि ‘कागाकु’ यांत गल्लत करून चुकीच्या विद्यापीठाची प्रवेशपत्रिका उघडणारे विद्यार्थी आता वाढतील. दोन्ही टोकियोत, दोन्हींच्या नावात सायन्स, पण एक खासगी आणि दुसरी राष्ट्रीय. शुल्कापासून प्रवेशाच्या पद्धतीपर्यंत सगळं वेगळं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे संस्था क्रमांक. जपानच्या अनुदान व्यवस्थेत प्रत्येक संशोधन संस्थेला पाच आकडी क्रमांक असतो. विद्यापीठांच्या बाबतीत पहिला आकडा १ असेल तर राष्ट्रीय, २ असेल तर सार्वजनिक (म्हणजे शहराचं किंवा प्रांताचं), ३ असेल तर खासगी. टोकियो रिका दाइगाकुचा क्रमांक ३२६६०. नावाबद्दल शंका आली की हा क्रमांक पाहा.

तिसरा सापळा शाखांचा. यामागुची आणि सुवा इथे याच विद्यापीठाच्या नावाने चालणारी दोन वेगळी विद्यापीठं होती. यामागुचीचं विद्यापीठ एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक झालं आणि आता ते सान्यो-ओनोदा सिटी युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जातं. सुवाचं एप्रिल २०१८ मध्ये सार्वजनिक झालं. त्याआधीच्या निबंधांवर मात्र ‘टोकियो युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स, यामागुची’ असा पत्ता आहे, आणि यंत्राने मोजणारे डेटाबेस स्वल्पविरामापुढचं नाव सोडून देतात. २०१८ च्या आधीची यादी काढताना पत्त्याची पूर्ण ओळ वाचा.

विद्याशाखांचीही नावं बदलली आहेत. नोदा इथली विज्ञान-तंत्रज्ञान शाखा एप्रिल २०२३ पासून नव्या जपानी नावाने चालते. २०२१ मध्ये आणखी एका अभियांत्रिकी शाखेचं नाव बदललं. औषधनिर्माण शाखा २०२५ मध्ये नोदाहून टोकियोतल्या कात्सुशिका आवारात हलली. जुन्या ब्लॉगवरचा आवाराचा पत्ता पाहून राहण्याचा खर्च काढू नका. नोदा चिबा प्रांतात आहे आणि तिथलं भाडं टोकियो शहरातल्या भाड्यापेक्षा बरंच कमी असतं.

इतिहास वाचताना स्थापनेचं साल पुरत नाही

या विद्यापीठाच्या माहितीत १८८१ हे स्थापनेचं साल दिसतं. ते बरोबर आहे, पण १८८१ साली विद्यापीठ सुरू झालं नाही. सुरू झाला तो टोकियो बुत्सुरिगाकु कोशूजो हा पदार्थविज्ञानाचा वर्ग. १८८३ मध्ये त्याचं नाव टोकियो बुत्सुरी गाक्को, म्हणजे टोकियोची पदार्थविज्ञान शाळा, असं झालं. १९१७ मध्ये तिला कायद्याने विशेष शाळेचा दर्जा मिळाला आणि विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. कोणत्याही जुन्या जपानी खासगी संस्थेसाठी तुमच्या टिपणात हे तीन रकाने वेगळे ठेवा: वर्ग किंवा शाळा सुरू झाल्याचं साल, विशेष शाळेचा दर्जा मिळाल्याचं साल, विद्यापीठ झाल्याचं साल.

यामागे कायद्यांची मालिका आहे. १९०३ च्या आदेशाने ‘सेन्मोन गाक्को’ म्हणजे विशेष शाळा हा दर्जा ठरला. डिसेंबर १९१८ च्या विद्यापीठ आदेशापर्यंत खासगी संस्थेला कायद्याने विद्यापीठ होताच येत नव्हतं. नावात दाइगाकु लावता आलं तरी दर्जा शाळेचाच. त्या आदेशातही एका विद्याशाखेसाठी ५ लाख येनची ठेव ठेवण्याची अट होती, तेव्हाच्या मानाने प्रचंड. वासेदा आणि केइओ १९२० मध्ये या वाटेने विद्यापीठं झाली. बहुतेक तंत्रशाळांना युद्धानंतरच्या १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याची वाट पाहावी लागली, म्हणून त्यांच्या इतिहासात १९४९ हे साल पुन्हा पुन्हा येतं. एखाद्या खासगी तंत्रसंस्थेने आपण १९०० च्या आधीपासून विद्यापीठ आहोत असं म्हटलं, तर मूळ कागद मागाच.

साल बदलून घेण्याची रीत साधी आहे. जपानी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशोमध्ये १९११, शोवामध्ये १९२५, हेइसेईमध्ये १९८८ आणि रेइवामध्ये २०१८. मेइजी १४ म्हणजे १८८१. १८७३ च्या जानेवारीपासून जपानने आपलं आजचंच कॅलेंडर घेतलं, त्यामुळे त्यानंतरच्या तारखा जशाच्या तशा धरता येतात. त्याआधीच्या महिना-दिवसांना हात लावू नका, ते चांद्र पंचांगातले आहेत. शैक्षणिक आणि आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. म्हणून फेब्रुवारी २०१६ मधली घटना जपानी नोंदीत २०१५ च्या वर्षाखाली सापडते. हेइसेई २७ पाहून गोंधळू नका.

संस्थेचा स्वभाव कळतो तो पहिल्या काही वर्षांतून, आणि इथे थोडा वेळ द्यायला हरकत नाही. हा वर्ग काढणारे २१ जण टोकियो विद्यापीठात फ्रेंच भाषेतून पदार्थविज्ञान शिकलेले ताजे पदवीधर होते. त्यांच्यापैकी तेराओ हिसाशी १८८३ मध्ये शाळेचे पहिले प्रमुख झाले. पुढे ते टोकियो खगोल वेधशाळेचेही पहिले संचालक झाले. बाकीच्यांच्याही दिवसा नोकऱ्या होत्या, म्हणून वर्ग संध्याकाळी भरत. उपकरणं स्वतःची नव्हतीच. टोकियो विद्यापीठाची उपकरणं संध्याकाळी उसनी आणायची, प्रयोग दाखवायचा आणि परत पोहोचवायची. १८८५ मध्ये १६ जणांनी शाळा टिकवण्यासाठी करार केला: प्रत्येकाने ३० येन द्यायचे, आठवड्यातून दोन व्याख्यानं विनावेतन द्यायची, आणि व्याख्यान चुकलं तर दर वेळी २५ सेन भरायचे. (१०० सेन म्हणजे १ येन.) त्याच वर्षी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं फर्ग्युसन कॉलेज सुरू होत होतं. तिथल्या आजीव सभासदांची शपथ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कराराची जातकुळी लगेच ओळखू येईल.

हे तपशील केवळ आदरापोटी दिलेले नाहीत. संध्याकाळच्या वर्गांची ती परंपरा आजही आहे: विज्ञान शाखेचा ‘दुसरा विभाग’ संध्याकाळी चालतो आणि पूर्ण पदवी देतो. जपानमध्ये विज्ञानाची संध्याकाळची पदवी देणारी ठिकाणं फार थोडी उरली आहेत. नोकरी करत शिकणाऱ्यांची संस्था, प्रवेश सैल आणि उत्तीर्ण होणं कठीण, ही तिची जुनी ख्याती. अर्ज करताना पहिला आणि दुसरा विभाग नीट वाचा, कारण एकाच विषयाचा विभाग दोन्हीकडे असू शकतो.

साधनं कोणती वापरायची? विद्यापीठाने स्वतः काढलेले स्मरणग्रंथ तारखांसाठी चांगले, पण अपयशं आणि पैशांची ओढाताण त्यांत कमी सापडते. तारीख ताडायची असेल तर ‘कानपो’ हे सरकारी राजपत्र पाहा. ते १८८३ पासून निघतं आणि १९५२ पर्यंतचे अंक जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात आहेत. याच संग्रहातली काही पुस्तकं ‘फक्त नोंदणीकृत वाचकांसाठी’ असतात. ती घरबसल्या पाहण्याची सोय जपानमध्ये राहणाऱ्यांपुरतीच आहे, तेव्हा भारतातून शोधताना ‘इंटरनेटवर खुलं’ हा गाळणीचा पर्याय आधीच लावा, नाहीतर अर्धा दिवस बंद दारं ठोठावण्यात जातो. शाळेचं स्वतःचं मासिक १८९१ पासून निघत होतं. त्याच्या प्रती कोणत्या ग्रंथालयात आहेत हे सायनी रिसर्च या जपानी शोधस्थळावर कळतं. प्रत्यक्ष टोकियोला जाणं झालं तर कागुराझाका आवारातलं आधुनिक विज्ञान संग्रहालय बघा. १९०६ च्या लाकडी शाळेची इमारत तिथे तशीच पुन्हा उभारली आहे.

श्रेय कोणाचं

माहितीपत्रकात या विद्यापीठाच्या नावाबरोबर नोबेल येतं. ओमुरा सातोशी यांना २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्यांनी १९६३ मध्ये इथून मास्टर्स पूर्ण केलं, हे खरं. तेव्हा ते रात्रशाळेत शिकवत होते. पण ज्या संशोधनासाठी नोबेल मिळालं, ते कितासातो संस्थेतलं. तुमच्या टिपणात हे नाव ‘माजी विद्यार्थी’ या रकान्यात जाईल, ‘संशोधन’ या रकान्यात नाही.

प्रकाश-उत्प्रेरणाचंही तसंच. टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं, हा शोध फुजिशिमा आकिरा आणि होंडा केनइची यांनी ‘नेचर’मध्ये १९७२ साली मांडला. काम टोकियो विद्यापीठातलं. फुजिशिमा २०१० ते २०१८ टोकियो रिका दाइगाकुचे अध्यक्ष होते आणि इथे प्रकाश-उत्प्रेरणाचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. म्हणजे केंद्र इथलं, मूळ शोध दुसरीकडचा. पुढे २०२१ मध्ये ते शांघायला गेले. केंद्राच्या पानावरचं जुनं छायाचित्र पाहून ‘त्यांच्या हाताखाली काम करायचं आहे’ असं अर्जात लिहिलं, तर माहिती ताजी नाही हे समोरच्याला पहिल्याच ओळीत कळतं.

इथे आणखी एक होंडा आहेत आणि ते वेगळे. विद्यापीठाचे १९४९ मधले पहिले अध्यक्ष होंडा कोतारो हे चुंबकीय पदार्थांचे शास्त्रज्ञ. १९१७ मध्ये केएस पोलाद हे चुंबकाचं पोलाद त्यांनी तोहोकु शाही विद्यापीठात बनवलं. होंडा कोतारो आणि होंडा केनइची यांचं काम एकत्र करणारे लेख सापडतात. जपानीत आडनाव आधी येतं, इंग्रजी लेखांत बहुधा शेवटी. म्हणून टिपणात नाव पूर्ण लिहा, नुसतं आडनाव कधीच नको.

संशोधनाचा माग: काकेन

जपानी विद्यापीठाचं संशोधन तपासायला पहिलं ठिकाण म्हणजे काकेन. सरकारी अनुदान मिळालेल्या प्रकल्पांचा हा खुला डेटाबेस आहे आणि तो इंग्रजीतही चालतो. संस्थेच्या नावाने किंवा संशोधकाच्या नावाने शोधा. प्रत्येक संशोधकाला आठ आकडी क्रमांक असतो. एकाच नावाचे अनेक जण असतात, म्हणून तो क्रमांक टिपून ठेवा.

प्रकल्पाचा क्रमांक वाचायला शिका, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. २०१५ पासूनच्या क्रमांकात पहिले दोन आकडे इसवी सनाचे असतात आणि नंतर रोमन अक्षर येतं: १७के ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे २०१७ चा प्रकल्प. त्याआधीच्या बहुतेक क्रमांकांत सगळेच आकडे, अक्षर नाही, आणि पहिले दोन आकडे हेइसेई वर्षाचे. १७५५ ने सुरू होणारा क्रमांक हेइसेई १७ चा, म्हणजे १९८८ अधिक १७, २००५. बारा वर्षांचा फरक. एखाद्या प्राध्यापकाचं ‘अलीकडचं’ काम म्हणून तुम्ही जे वाचत आहात, ते त्यांच्या तरुणपणीचं असू शकतं.

अनुदानाचा प्रकारही बोलका असतो. किबान म्हणजे मूलभूत संशोधन, त्यात सी हा सगळ्यात लहान: ३ ते ५ वर्षांत मिळून ५० लाख येनपर्यंत. बी मध्ये ५० लाख ते २ कोटी, ए मध्ये २ ते ५ कोटी, आणि एस मध्ये ५ वर्षांसाठी ५ ते २० कोटी. काकेनच्या पानावर एकूण रक्कम, थेट खर्च आणि अप्रत्यक्ष खर्च वेगळे दिसतात. अप्रत्यक्ष खर्च थेट रकमेच्या ३० टक्के असतो आणि तो विद्यापीठाकडे जातो, प्रयोगशाळेकडे नाही. दोन प्रयोगशाळांची तुलना थेट खर्चावरच करा. शिवाय प्रमुख संशोधक आणि सह-संशोधक असा भेद असतो. ५ कोटींच्या प्रकल्पात तुमचे प्राध्यापक सह-संशोधक असतील तर त्यांच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो.

फक्त किबान सी, तेही एका वेळी एकच, असं दिसलं तर घाबरू नका. गणित, सिद्धांत, संगणनाच्या कामाला तेवढं पुरतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा धूळमुक्त खोली (क्लीन रूम) लागणाऱ्या कामाला मात्र ते पुरत नाही. तेव्हा प्रयोगशाळेचा पैसा कंपन्यांकडून येतो का हे पाहा. त्यासाठी रिसर्चमॅप या संशोधकांच्या माहितीच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांचं पान उघडा, आणि पेटंटसाठी जे-प्लॅटपॅट हा जपानी पेटंटांचा डेटाबेस. पेटंट शोधताना अर्जदाराच्या रकान्यात विद्यापीठाचं नव्हे, तर ते चालवणाऱ्या महामंडळाचं, म्हणजे गाक्को होजिनचं, पूर्ण जपानी नाव टाका. खासगी विद्यापीठाची कायदेशीर व्यक्ती तीच. ‘गाक्को होजिन’ हे शब्द वगळून शोधलं की यादी तुटक येऊ शकते. अर्ज दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे गेल्या दीड वर्षातलं काम तिथे दिसणार नाही.

एक प्रयोगशाळा जवळून

उदाहरण सोडियम-आयन बॅटरीचं घेऊ. पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी याच विषयावर काम केलं आहे, त्यामुळे इकडच्या वाचकाला तो परका नाही. टोकियो रिका दाइगाकुत कोमाबा शिनइची यांच्या गटाने २०११ मध्ये हार्ड कार्बनच्या ऋण इलेक्ट्रोडवर आणि २०१२ मध्ये लोह-मँगनीजच्या धन इलेक्ट्रोडवर प्रसिद्ध केलेले निबंध या क्षेत्रात पायाभूत मानले जातात. ते वाचताना काय पाहायचं?

लिथियमच्या बॅटरीत ग्रॅफाइट चालतं, पण सोडियम ग्रॅफाइटच्या थरांत उपयोगी पडेल इतका शिरत नाही. हार्ड कार्बनची रचना विस्कळीत असते, तिच्यात तो मावतो. म्हणून निबंधात आधी कार्बन कशापासून, कोणत्या तापमानाला बनवला ते शोधा. दुसरं, ऋण बाजूची धातूची पट्टी. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतो म्हणून तिथे तांबं लागतं. सोडियम करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियम चालतं. तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाचणी हाफ सेलवर झाली की फुल सेलवर? फुल सेलमध्ये खऱ्या बॅटरीसारखे धन आणि ऋण दोन्ही इलेक्ट्रोड असतात. हाफ सेलमध्ये समोर सोडियम धातूचा तुकडा असतो आणि सोडियम हवा तेवढा मिळतो. पहिल्या चार्जिंगमध्ये किती सोडियम वाया गेला हे तिथे झाकलं जातं.

२०१२ च्या निबंधात धन इलेक्ट्रोडची क्षमता दर ग्रॅमला १९० मिलिअँपिअर-तास अशी आहे. आकडा खरा आहे. पण त्या पदार्थात सुरुवातीला सूत्रामागे दोन-तृतीयांश सोडियम असतो, आणि डिस्चार्ज करताना त्याहून जास्त सोडियम त्यात भरला जातो. तो जास्तीचा सोडियम समोरच्या धातूतून येतो. तिथे हार्ड कार्बन ठेवला तर तो देणार कोण? कार्बनकडे सुरुवातीला सोडियम नसतोच. शिवाय ‘दर ग्रॅम’ म्हणजे फक्त त्या सक्रिय पदार्थाचा ग्रॅम. पट्टी, द्रव, आवरण धरलं की बॅटरीची क्षमता बरीच खाली येते. ही कमतरता भरून काढणं हाच पुढच्या कित्येक निबंधांचा विषय झाला. तेव्हा गटाचे निबंध सालवार लावा, प्रत्येकासमोर हाफ की फुल असं लिहा. पाच वर्षांच्या यादीत फुल सेल वाढत गेले असतील तर गट वापराच्या दिशेने सरकतो आहे. सगळे हाफच असतील तर त्यांचा रस पदार्थाच्या रचनेत आहे. दोन्ही चांगलं, पण तुम्हाला काय हवं ते आधी ठरलेलं असावं.

हीच पद्धत इतर विषयांना लावता येते. नोदा इथे आगीच्या अभ्यासाचं मोठं केंद्र आहे, प्रत्यक्ष आकाराची खोली किंवा बांधकामाचा भाग पेटवून पाहण्याची सोय असलेलं. तिथल्या निबंधांत पाहा की प्रयोग खऱ्या मापाचा होता, छोट्या नमुन्याचा की केवळ संगणकावरचा.

इतर विद्यापीठांसाठी

टोकियो डेंकी दाइगाकुची सुरुवात १९०७ ची, कांदा भागातल्या रात्रशाळेची. संस्था क्रमांक ३२६५७. शिबाउरा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची १९२७ ची, क्रमांक ३२६१९. चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४२ मध्ये कोआ कोग्यो दाइगाकु या नावाने सुरू झालं. चिबा युनिव्हर्सिटी ही राष्ट्रीय संस्था वेगळी. फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात २०११ मध्ये शिरलेला क्विन्स रोबो चिबा इन्स्टिट्यूटच्या नावावर सांगितला जातो, पण त्यात तोहोकु विद्यापीठाचाही वाटा होता. दुसऱ्या अणुभट्टीच्या इमारतीत त्याची संपर्काची केबल निकामी झाली आणि तो आतच राहिला, हेही टिपणात असावं. नागोयाचं टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट १९८१ चं आणि अगदी छोटं. त्याच्या नावाने शोधलं की यंत्रशिक्षणाचे (मशीन लर्निंगचे) निबंध भराभर येतात, पण ते बहुतेक शिकागोतल्या २००३ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या संस्थेचे असतात. तोयोहाशीचं तंत्रविद्यापीठ राष्ट्रीय आहे, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही.

प्रयोगशाळेतली माणसं आणि पहिला मेल

जपानमध्ये तुम्ही प्रवेश घेता विद्यापीठात, पण आयुष्य जातं ‘केंक्यूशित्सु’त, म्हणजे एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत. तिच्या पानावर सदस्यांची यादी असते. बी४ म्हणजे पदवीच्या चौथ्या वर्षाचे, एम१ आणि एम२ मास्टर्सचे, डी१ ते डी३ डॉक्टरेटचे. खासगी विद्यापीठांत बी४ आणि एम ची संख्या मोठी असते. डी एकही नसेल तर पीएच.डी.ला तुम्ही एकटे असाल आणि साप्ताहिक बैठक बहुधा जपानीत चालेल. बी४ खूप असतील तर उपकरणांसाठी रांग लागते, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, कारण सगळ्यांचे प्रबंध तेव्हाच. गेल्या पाच वर्षांतले दहा निबंध काढून पहिला लेखक कोण ते पाहा. विद्यार्थी असतील तर गट शिकवतो. दरवेळी तोच सहायक प्राध्यापक असेल तर विद्यार्थ्यांच्या हाती काय लागतं हे विचारायला हवं.

निवृत्तीचा हिशोब न चुकता करा. खासगी विद्यापीठांत वय ६५ च्या आसपास असतं, काही ठिकाणी ७०. रिसर्चमॅपवर पदवीचं साल असतं. पदवी २२ व्या वर्षी धरली तर त्यात ४३ मिळवा. १९९० ची पदवी असेल तर २०३३ च्या सुमारास निवृत्ती, तीही मार्चअखेर. डॉक्टरेटला तीन वर्षं लागतात, मास्टर्स धरून पाच. प्राध्यापक गेले की प्रयोगशाळा बहुधा बंद होते आणि विद्यार्थी दुसरीकडे वाटले जातात.

मेल इंग्रजीत चालतो. विषयाच्या ओळीत तुमचं नाव, अभ्यासक्रम आणि कोणत्या सत्रासाठी ते लिहा. मजकूर २०० शब्दांच्या आत: सध्या काय शिकता, त्यांचा कोणता निबंध (साल देऊन) वाचला, त्याबद्दल एक नेमका प्रश्न, आणि खर्चाची सोय कशी, म्हणजे जपान सरकारची शिष्यवृत्ती, स्वतःचा पैसा की आणखी काही. गुणपत्रिका आणि बायोडेटा एकाच पीडीएफमध्ये, दोन एमबीच्या आत. एकाच विभागातल्या चार प्राध्यापकांना एकाच दिवशी तोच मेल पाठवू नका. ते एकमेकांच्या शेजारी बसतात आणि दुपारच्या आत सगळ्यांना कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रबंध आणि प्रवेशपरीक्षा, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत सुट्ट्या, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन सणाची सुट्टी. हे दिवस टाळून मेचा मध्य ते जुलैची सुरुवात या काळात पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलला जोडून एक आठवण करा, आणि त्यानंतर दुसरी प्रयोगशाळा शोधायला घ्या.